एकतीस नंबरची नळी

बाई, एकतीस नंबरच्या नळीविषयी तुम्हाला सांगायचे राहून गेले. तुम्ही हयात असताना सांगण्यास वाव नव्हता, असे मी म्हणणार नाही. कित्येक वर्षे आपण एकाच इमारतीत होतो आणि रोज सकाळी मी तुमच्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवीत असे. तांब्या ठेवून झाल्यावर मी क्षणभर थांबे. तुम्ही मान वर करून "काय मामा?" असे विचारीत असा, आणि मी "काही नाही" म्हणून बाहेर येई. त्या "काही नाही"चा खुलासा आज करीत आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले, हे तुम्हाला ठाऊक होतेच. तथापि या पत्रात शुद्धलेखनाची चूक आढळल्यास ती वयामुळे झाली असे समजावे, शिक्षणामुळे नव्हे.

आपली संस्था माजिवड्याच्या नाक्यापासून आत होती. आज त्या जागी बावीस मजली इमारत उभी आहे आणि तेथील रखवालदार मला आत येण्याचे कारण विचारतो. मी त्याला सांगितले की येथे पूर्वी म्हशींचे रक्त तपासले जात असे. त्याने मला हाताला धरून, अत्यंत प्रेमाने, रस्ता ओलांडून दिला. परंतु त्या काळी, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, त्या चार खोल्यांत मोठे काम चालले होते आणि ते कोणते, हे तुम्ही मला एकदाच समजावून सांगितले. तुम्ही मोरीपाशी उभ्या राहून स्वतःची कपबशी विसळत होता. आपली कपबशी आपण विसळायची, हा तुमचा नियम होता आणि त्यामुळे संस्थेतील सर्व साहेब लोक तुमच्यावर मनातून रागावलेले असत. मी विचारले की, म्हैस धडधाकट दिसत असताना तिच्या रक्तात तुम्ही काय शोधता? तुम्ही म्हणालात, "मामा, तुम्ही कामावर असताना घरी कोणी येऊन गेलं, तर तुम्हाला कसं कळतं?"

"ही सांगते."

"आणि त्यांनी नाही सांगितलं तर?"

मी विचार केला. "मोरीत एक कपबशी जास्त पडलेली असते."

"झालं तर! रोग येतो, अंगात लपून बसतो, दिसत नाही. पण शरीरानं त्याच्यासाठी काढलेली कपबशी रक्तात राहते. आपण ती शोधायची. तिलाच आम्ही खूण म्हणतो."

तुम्हाला ज्या रोगाची खूण हवी होती तो म्हशीला झाला तर ती गाभडते, म्हणजे तिचे रेडकू पोटातच जाते. तोच रोग कच्च्या दुधातून माणसाला झाला तर त्याला महिनोन्‌महिने संध्याकाळचा ताप येतो आणि सर्व जण त्याला हिवताप समजून गोळ्या देत राहतात. म्हणून तुम्ही ठरवलेत की कल्याणच्या एका तबेल्यातील म्हशी आणि माणसे, दोहोंचे रक्त तपासायचे. नळ्यांवर केवळ आकडे असतील. कोणता आकडा कोणाचा, हे तपासणाऱ्यास कळता कामा नये, कारण कळले की डोळे पक्षपात करतात. आकड्यांची वही तिसऱ्याच माणसाकडे राहील. "असा माणूस हवा, ज्याला यातलं काही कळत नाही," असे तुम्ही सर्वांसमक्ष म्हणालात आणि माझ्याकडे पाहिलेत. ते वाक्य कौतुकाचे होते, असे मी आजवर धरून चाललो आहे. नंतर तुम्ही मला बाजूला घेऊन बजावलेत, "मामा, ही वही कोणालाही दाखवायची नाही. मी मागितली तरी नाही. लेखी आदेश असेल तरच." बाई, माझ्या उभ्या आयुष्यात मला एवढा अधिकार कोणी दिला नव्हता. स्वतःच्या वरिष्ठाला नाही म्हणण्याचा अधिकार. मी त्या दिवशी माजिवड्याहून ठाणे स्टेशनपर्यंत चालत गेलो, कारण बसमध्ये बसावेसे वाटेना.

तबेल्यातला दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. पशुवैद्य म्हशीच्या मानेतून रक्त काढत आहेत, मी नळीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर आकडा घालतो आणि कागदावर त्या आकड्यापुढे नाव लिहितो. दाराशी बांधलेली पहिली म्हैस चंद्री. तिला एक नंबर. (या पत्रात मी कोणाही माणसाचे नाव लिहीत नाही. चंद्रीची हरकत नसावी.) तीस म्हशी झाल्या, तेव्हा खाटेवर लवंडलेल्या मालकाचा, म्हणजे शेठचा, दंड पुढे आला. शेठचा जन्म उत्तरेकडचा, परंतु पन्नास वर्षे कल्याणात काढलेली.

"मामा, माझा नंबर काय?"

"एकतीस."

"एकतीस?" शेठ दंड मागे घेऊन उठून बसले. "तीस म्हशी आधी आणि मग मालिक? अरे, ह्यांना चारा कोण घालतो?"

मागून एक गवळी म्हणाला, "चारा तो हम डालते हैं, सेठ."

"तू चूप बस! मामा, पोरीच्या लग्नाची बोलणी चालली आहेत. उद्या व्याही बोलेल, सरकारी कागदावर मुलीचा बाप म्हशींच्या मागे आहे."

मी त्यांना सांगितले की आकड्याला मान-अपमान काही नसतो, तो केवळ ओळखीसाठी असतो. शेठ म्हणाले, "काही अर्थच नाही ना त्याला? मग एक नंबर देऊन टाक. तुझं काय जातं?"

हा युक्तिवाद मला पटला. बाई, आजही पटतो. शिवाय मला स्वतःलाही ते खटकत होते, हे कबूल केले पाहिजे. तीस म्हशींच्या खाली एका वडीलधाऱ्या गृहस्थाचे नाव लिहिणे मला उचित वाटत नव्हते. पुढील पाच गवळ्यांनी मात्र बत्तीस ते छत्तीस हे आकडे तक्रार न करता घेतले. त्यांना म्हशींच्या मागे उभे राहण्याची सवय होती. मी मनाशी ठरवले की शेठला एक आणि चंद्रीला एकतीस द्यावा. वहीत तसे लिहावे, आणि दोन्ही नळ्यांवरच्या चिकटपट्ट्याही बदलाव्यात, म्हणजे सत्याला बाध येणार नाही. निघताना मी बर्फाच्या डब्याचे झाकण उघडले. एक पट्टी नखाने सोलली. ती ओली झाली होती. नेमक्या त्याच क्षणी चंद्रीने मान लांबवून माझ्या डोक्यावरची टोपी तोंडात घेतली. टोपी परत मिळवण्यास तीन माणसे आणि बराच वेळ लागला. मिळाली ती टोपी राहिली नव्हती. या गडबडीत डब्याचे झाकण मी लावले, हे मला आठवते. पट्ट्या बदलल्या की नाही, ते आठवत नाही.

त्या संध्याकाळी कोपरच्या घरी बसून मी वहीत स्वच्छ प्रत केली. माणसांच्या नावापुढे "श्री." लिहिले. म्हशींच्या नावापुढे काय लिहावे याचा बराच विचार केला आणि काही न लिहिणे ठरवले. पहिल्या ओळीत शेठ, एकतिसाव्या ओळीत चंद्री. शेणाचे डाग पडलेला मूळ कागद बंबात घातला, कारण दोन प्रती असणे नियमात बसत नव्हते. वही लोखंडी कपाटात, हिच्या शालूखाली ठेवली. ही म्हणाली, "एवढं काय आहे त्यात, बघू तरी."

"तुला दाखवता येणार नाही. प्रत्यक्ष बाईंनाही दाखवता येत नाही."

"माझ्या लग्नाच्या शालूखाली काय ठेवलंय ते मला कळू नये?"

"म्हशींची नावे आहेत."

"मग राहू द्या," ही म्हणाली. "मला वाटलं होतं, निदान बायकांची असतील."

दोन महिन्यांनी तुम्ही फळ्यावर तीन आकडे लिहिलेत. सात, एकोणीस, एकतीस. ज्यांच्या रक्तात खूण सापडली ते तीन. मी हातात चहाची किटली घेऊन दारात उभा आहे आणि किटली जड होत चालली आहे. सात आणि एकोणीस या म्हशी गाभडलेल्या होत्या, हे मला तबेल्यातच कळले होते. तेव्हा तुमची परीक्षा खरी होती. प्रश्न एकतीसचा होता. मी पट्ट्या बदलल्या असतील, तर रोग चंद्रीला होता आणि वही बरोबर होती. बदलल्या नसतील, तर रोग शेठला होता, आणि माझी वही निरोगी चंद्रीला रोगी ठरवून गोठ्याबाहेर काढणार होती व शेठ आपले हिवतापाच्या गोळ्या खात बसणार होते. नळ्या पाहून काही कळले असते, परंतु त्या मीच धुऊन पालथ्या घातल्या होत्या. माझ्या हातची नळी किती स्वच्छ निघते, हे तुम्ही पाहुण्यांना दाखवीत असा.

तुम्ही हात पुढे केलात. "मामा, वही."

मी म्हणालो, "लेखी आदेश लागेल, बाई."

तुम्ही हसलात. खोलीतील सर्व हसले. तुम्ही कागद ओढून दोन ओळी लिहिल्यात. मी त्या वाचल्या आणि म्हणालो, "तारीख नाही." तुम्ही तारीख घातलीत. मी म्हणालो, "शिक्का नाही." आता कोणी हसत नव्हते. शिक्का ज्यांच्या कपाटात असे ते कारकून मेहुणीच्या लग्नासाठी गावी गेले होते व परवा येणार होते, हे मला पक्के माहीत होते, कारण त्यांची ट्रंक मीच रिक्षात ठेवली होती. तुम्ही पेनाला टोपण लावलेत. मग म्हणालात, "नियम माझाच आहे. परवा उघडू." तुमच्या हाताखालची मुलगी पुटपुटली, "मॅडम, हे अतीच झालं." तुम्ही तिला म्हणालात, "अती नाही. असाच माणूस मला हवा होता." बाई, ते ऐकून मला जी लाज वाटली, तिच्यापुढे टोपी गमावल्याची लाज काहीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कल्याणला गेलो. चंद्री दाराशीच होती, दिवस भरत आलेले, अंगावर तेज. मी तिच्यापासून नवी टोपी लांब धरून तिची चौकशी सुरू केली. खाते का? घाम येतो का? उठताना सांधे धरतात का? गवळी म्हणाला, "मामा, यह तो मजे में है. पूछना है तो सेठ को पूछो." शेठ आत खाटेवर होते. दुपारचे चार वाजले होते, उकाड्याने भिंती तापलेल्या, आणि शेठ घोंगडी पांघरून बसले होते.

"बुखार आहे," ते म्हणाले. "रोज ह्याच टायमाला येतो. कंपाउंडर बोलतो मलेरिया. तीन महिने झाले गोळ्या खातो."

"घाम येतो का?"

"बिछाना भिजतो."

"उठताना सांधे धरतात का?"

"धरतात," शेठ म्हणाले आणि एकदम थांबले. "मामा, आता बाहेर म्हशीला हेच विचारत होतास ना?"

"चौकशीची पद्धत एकच असते," मी म्हणालो.

"आधी नंबर, आता चौकशी. तुझं माझ्याशी काही वैर आहे काय?"

मी विचारले की दूध कसे पिता? शेठ ताठ बसले. "कच्चं. थेट थनाखाली लोटा धरायचा. ह्या ताकदीवर उभा आहे मी." ते उभे राहून दाखवणार होते, परंतु गुडघ्याने साथ दिली नाही आणि मला त्यांना धरावे लागले. घोंगडीतून त्यांचे अंग तव्यासारखे लागत होते. त्या क्षणी माझी खात्री झाली की पट्ट्या मी बदलल्याच नव्हत्या. आणि बाई, आणखीही एक गोष्ट कळली. शेठने मागितला होता फक्त मान. मी तो दिला होता, आणि त्या मानापायी हा मनुष्य मरू शकला असता.

संस्थेत येऊन तुमच्यापुढे उभे राहावे आणि "मी वही बदलली" एवढे तीन शब्द बोलावे, हे योग्य झाले असते. मी कोपर स्टेशनजवळच्या दुकानातून ब्लेड आणि शाईची नवी दौत घेतली, कारण जुनी शाई वाळली होती. एक आणि एकतीस, या दोन ओळी ब्लेडने हलक्या हाताने खरवडल्या. शेठला त्यांच्या जागी आणि चंद्रीला तिच्या जागी परत बसवले. माझे अक्षर चांगले आहे. ओळ सरळ आली. ही मागे उभी राहून पाहत होती. म्हणाली, "आता काय, म्हशींची बारशी परत करताय?"

परवाच्या दिवशी कारकून आले, शिक्का उमटला, मी वही तुमच्या हाती दिली. तुम्ही पान उघडलेत. चष्मा वर केलात, पान खिडकीकडे धरलेत, ब्लेडने पातळ झालेल्या कागदावरून अंगठा फिरवलात. मी तुमच्या टेबलावरील तांब्याकडे पाहत होतो.

"शाई नवीन आणलीत वाटतं, मामा."

"होय बाई. जुनी वाळली."

"रंग छान आहे."

एवढेच. मग तुम्ही सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलेत, "एकतीस, तबेल्याचे मालक. म्हणजे रोग माणसात आलाय." आणि माझ्याकडे न पाहता म्हणालात, "उद्या जाऊन दोघांचं रक्त पुन्हा आणा. एकतीसचं आणि एकचं." मी मान डोलावली. घरी पोचून पाय धुताना माझ्या ध्यानात आले की पुन्हा तपासायचे ते केवळ खूण सापडलेल्यांचे रक्त. एक नंबरच्या रक्तात काहीच सापडले नव्हते. मग तुम्ही चंद्रीचे रक्त कशाला मागितलेत? आणि सात व एकोणीस यांचे का मागितले नाहीत? मी पाय धुणे अर्धवट टाकून मोरीत तसाच उभा राहिलो. ज्यांना म्हशीच्या रक्तातली कपबशी दिसते, त्यांना माझ्या वहीतली दिसली नसेल, असे मी कसे मानले होते?

दुसऱ्या खेपेस शेठ पुष्कळ भांडले. शेवटी म्हणाले, "बरं, काढ. पण या टायमाला मी एक नंबर."

"नाही शेठ. आपण एकतीस."

"कोण बोलतो?"

"वही बोलते. आणि वही आता बदलत नाही."

शेठने माझ्याकडे पाहिले, मग गवळ्यांकडे, मग चंद्रीकडे. ताप चढत होता, वाद घालण्याचे बळ कमी पडत होते. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण बर्फाच्या डब्यात मला वर ठेव. तिला खाली." यास शास्त्राची काही हरकत नव्हती. मी तसे केले.

खूण शेठच्या रक्तात पुन्हा सापडली, चंद्रीच्या नाही. शेठला रुग्णालयातून योग्य गोळ्या मिळाल्या. सहा आठवडे त्यांनी त्या शिव्या देत घेतल्या आणि ताप गेला. दूध ते उकळून पिऊ लागले, परंतु हे कोणास सांगू नये, अशी त्यांनी मला विनंती केली. मी आज प्रथमच सांगत आहे. मुलीचे लग्न थाटात झाले. चंद्रीला रेडी झाली.

आणि त्याच वर्षी संस्थेच्या वार्षिक समारंभात तुम्ही व्यासपीठावरून माझे नाव पुकारलेत. तुम्ही सांगितलेत की या गृहस्थांनी स्वतःच्या वरिष्ठांना शिक्क्याशिवाय वही दिली नाही, आणि जगात असे दहा लोक असते तर निम्मे संशोधन पुन्हा करावे लागले नसते. टाळ्या झाल्या. ही पहिल्या रांगेत शालू नेसून बसली होती. मोठ्या साहेबांनी चौकटीतले प्रशस्तिपत्र दिले. खाली उतरताना तुम्ही माझ्या हातात कागदात गुंडाळलेली एक लहान वस्तू ठेवलीत. "ही माझ्याकडून." घरी येऊन उघडली. शाईची दौत होती. तुम्ही म्हणाला होता तो छान रंग तिच्यात नव्हता. जुना निळा-काळा होता, वहीतील बाकीच्या चौतीस ओळींचा.

ते बक्षीस होते की शिक्षा, याचा मी तेव्हापासून विचार करीत आहे. त्यानंतर वहीत काही चुकले की मी आडवी रेघ मारून शेजारी सही करी आणि तुमच्यापुढे नेऊन ठेवी. तुम्ही तिच्याखाली सही करीत असा. अशा आपल्या दोघांच्या सह्या कितीतरी पानांवर आहेत. तुम्हाला सगळे माहीत होते, आणि मला ते माहीत होते, हेही तुम्हाला माहीत असणार. तरीही मी तांब्या ठेवून "काही नाही" म्हणत राहिलो. नव्वदच्या दशकात तुम्ही गेलात. निरोप द्यायला मी मागे उभा होतो. पुढे येऊन दोन शब्द बोला, असे मला सांगण्यात आले. मी बोललो. शिक्क्याचीच हकिकत सांगितली. लोक रडता रडता हसले.

ती दौत मी इतकी वर्षे उघडली नव्हती. या पत्रासाठी आज उघडली, तर आत शाईचा खडा झाला होता. कोमट पाणी घालून बराच वेळ हलवली, तेव्हा एवढी शाई निघाली. प्रशस्तिपत्र समोरच्या भिंतीवर आहे. रविवारी नातीला पाहायला मंडळी येणार आहेत. आलेला प्रत्येक पाहुणा त्या चौकटीपाशी थांबतो आणि विचारतो, तसे तेही विचारतील. ही आतून म्हणेल, "सांगा, सांगा त्यांना." आणि बाई, मी सांगेन. स्पष्ट आवाजात, तारखेपासून शिक्क्यापर्यंत. शाईपासून पुढची हकिकत मी आजवर कोणासही सांगितलेली नाही आणि रविवारीही सांगणार नाही.